संकेतस्थळाच्या मराठी शीर्षकांना वेगळा फॉन्ट कसा लावावा?

अंत्रुजकर (प्रश्न)

नमस्कार. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाचे आणि त्याच्या नाट्यशाखेचे मिळून एक संकेतस्थळ आहे. जत्रेतील नाटकांची छायाचित्रे, कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत सादर केलेल्या प्रयोगांची माहिती, नव्या पुस्तकांच्या याद्या आणि जुन्या सभासदांचे लेख असा मजकूर त्यावर आहे. हे संकेतस्थळ उभे राहिले तेव्हा ब्राउझरला बाहेरचा फॉन्ट देणे फारसे भरवशाचे नव्हते, म्हणून शीर्षकांसाठी कूफॉन नावाची जावास्क्रिप्ट वापरलेली आहे. ती शीर्षकातील अक्षरे उचलते आणि त्यांच्या जागी ठरवून दिलेल्या फॉन्टमधले आकार रेखाटते. त्या शीर्षकांचा मजकूर डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे आणि तो आजही पडद्यावर व्यवस्थित दिसतो.

आता सर्व मजकूर वर्डप्रेसवर हलवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. नवी शीर्षके मी युनिकोडमध्ये टंकित केली आणि एक युनिकोड फॉन्ट कूफॉनसाठी रूपांतरित करून त्यांना लावला, तेव्हा 'स्थापना दिन' या शीर्षकातील वेलांटी 'द'च्या आधी न येता नंतर उमटली, 'स्थ'चे जोडाक्षर न होता 'स'खाली हलन्त चिन्ह दिसू लागले आणि 'कार्यक्रम'मधील रफार वर न चढता सुटा 'र' होऊन बसला. म्हणजे जुने नीट दिसते आणि नवे बिघडते. असे का होत असावे, आणि यावर योग्य मार्ग कोणता, हे जाणून घ्यायचे आहे. शीर्षकांची चित्रे करून ती चिकटवावीत, असाही एक सल्ला मिळाला आहे. आमचे बहुतेक वाचक भ्रमणध्वनीवरून येतात, त्यांतले काही सत्तरी आणि सांगे तालुक्यांतले आहेत, जिथे पावसाळ्यात नेटवर्क क्षीण असते. तरीही शीर्षकांना नाटकाच्या फलकासारखे ठसठशीत वळण असावे, अशी कार्यकारिणीची मनापासूनची इच्छा आहे आणि ती मलाही रास्त वाटते.

तिसवाडीकर

कूफॉन बिघडलेले नाही. त्याची कार्यपद्धतीच देवनागरीला पुरी पडत नाही. ते मजकुरातील एकेक वर्ण घेते, फॉन्टमधून त्या वर्णाचा एक आकार काढते आणि ते आकार डावीकडून उजवीकडे मांडत जाते. रोमन लिपीत जवळजवळ एवढेच करायचे असते. देवनागरी युनिकोडमध्ये मात्र मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवलेला असतो, दिसण्याच्या क्रमाने नव्हे. 'दि' लिहिताना आधी 'द' आणि मग वेलांटी साठवली जाते. ती वेलांटी 'द'च्या डावीकडे नेऊन ठेवणे, 'स', हलन्त आणि 'थ' या तिघांचा मिळून एक आकार करणे, 'र' आणि हलन्त पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार म्हणून चढवणे, ही सर्व कामे अक्षरजुळणी करणारी वेगळी यंत्रणा करते. ओपनटाइप फॉन्टच्या आत आकारांची अदलाबदल सांगणारा एक तक्ता आणि त्यांच्या जागा सांगणारा दुसरा तक्ता असतो, आणि ही यंत्रणा ते तक्ते वाचून चालते. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हे काम हार्फबझ करते, सफारीमध्ये ॲपलची स्वतःची यंत्रणा करते. कूफॉन ते तक्ते पाहतच नाही.

जुनी शीर्षके नीट दिसतात, कारण ती मुळात देवनागरी नाहीतच. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये रोमन वर्णांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: एका जागेवर वेलांटी, दुसऱ्यावर अर्धा 'स', तिसऱ्यावर रफार. टंकणाऱ्याने ते तुकडे डोळ्यांना दिसतील त्याच क्रमाने टंकलेले असल्यामुळे कूफॉनला फक्त ओळीने मांडायचे उरत होते. पडद्यावर 'शांतादुर्गा' दिसत असले, तरी पानाच्या पोटात रोमन अक्षरांची निरर्थक माळ असते. गूगलवर 'शांतादुर्गा' असा शोध घेणाऱ्याला ते पान त्या शीर्षकामुळे कधीच सापडणार नाही, आणि दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर ती माळच वाचून दाखवील. वाचनालयाच्या संकेतस्थळाच्या बाबतीत हा दोष मला दिसण्याच्या प्रश्नापेक्षाही गंभीर वाटतो, आणि याच कारणासाठी चित्रे चिकटवण्याचा सल्ला मी मानू नये असे सांगेन. चित्रात शोधता येणारा मजकूर राहत नाही, पान मोठे केल्यावर अक्षरे धूसर होतात, आणि प्रत्येक नव्या कार्यक्रमासाठी कोणीतरी नवे चित्र तयार करत बसावे लागते.

तेव्हा शीर्षके खऱ्या युनिकोड मजकुरातच ठेवावीत आणि त्यांना सीएसएसमधील (पानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांमधील) फॉन्ट-फेस नियमाने वेब फॉन्ट द्यावा. कूफॉन आणि त्याहून आधीची फ्लॅशवर चालणारी एसआयएफआर ही दोन्ही साधने ज्या अडचणीपोटी निघाली, ती अडचण आता उरलेली नाही; फ्लॅशचा आधार तर ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी काढूनच घेतला. आज फॉन्टच्या फाइलचे वॉफ२ हे स्वरूप सर्व प्रचलित ब्राउझर ओळखतात. त्यातले संकोचन जुन्या वॉफपेक्षा अधिक प्रभावी असते, त्यामुळे ती एकच फाइल ठेवली तरी पुरते.

नियमात फॉन्टचे नाव, फाइलचा पत्ता, वजन (म्हणजे अक्षरांचा जाडपणा) आणि फॉन्ट-डिस्प्ले या चार गोष्टी द्याव्यात. फॉन्ट-डिस्प्लेची किंमत 'स्वॅप' ठेवली, की फाइल उतरेपर्यंत वाचकाला त्याच्या यंत्रातील देवनागरी फॉन्टमध्ये शीर्षक लगेच वाचता येते आणि फाइल आली की ते नव्या वळणात बदलते. ही किंमत दिली नाही, तर बहुतेक ब्राउझर शीर्षकाची जागा सुमारे ३ सेकंदांपर्यंत कोरी ठेवतात. क्षीण नेटवर्कवर वाचणाऱ्या सत्तरी तालुक्यातल्या वाचकाला आधी शीर्षक दिसणे महत्त्वाचे आहे, वळण नंतर आले तरी चालेल. पर्यायी फॉन्टच्या यादीत विंडोजसाठी निर्मला यूआय, ॲपलसाठी कोहिनूर देवनागरी आणि अँड्रॉइडसाठी नोटो सॅन्स देवनागरी यांची नावे क्रमाने द्यावीत.

फॉन्टची फाइल शक्यतो स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवावी. गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट घेतला, तर तो वाचकाकडे दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळामुळे आधीच साठवलेला असेल, असा एक जुना समज आहे. क्रोमने २०२० मध्ये प्रत्येक संकेतस्थळाचा साठा वेगळा ठेवायला सुरुवात केल्यापासून हा लाभ संपला आहे. उलट दुसऱ्या सर्व्हरशी नवी जोडणी करण्यात वेळ जातो.

बार्देशचा वाचक

वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मला भर घालायची आहे ती फॉन्ट लागल्यानंतरच्या गोष्टींबद्दल, कारण मराठी शीर्षके बिघडतात ती बहुधा तिथेच. वर्डप्रेसच्या बहुतेक थीम, म्हणजे संकेतस्थळाच्या रूपाचे तयार साचे, रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून रचलेल्या असतात, आणि शीर्षकांसाठी त्यांत जे नियम असतात ते देवनागरीला मारक ठरतात.

पहिली गोष्ट म्हणजे लेटर-स्पेसिंग. रोमन शीर्षकांत अक्षरांमधले अंतर थोडे वाढवले किंवा कमी केले तर ती देखणी दिसतात, म्हणून थीमकर्ते ते सर्रास करतात. देवनागरीत अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे सुटे तुकडे दिसू लागतात. कमी केले की काने एकमेकांवर चढतात. शीर्षकांसाठी ही किंमत शून्य करावी, आणि थीमच्या अद्ययावतीकरणात ती परत येणार नाही अशा जागी, म्हणजे चाइल्ड थीममध्ये किंवा अतिरिक्त सीएसएसच्या चौकटीत, ती लिहून ठेवावी.

दुसरी गोष्ट ओळींच्या उंचीची. थीममध्ये शीर्षकाची लाइन-हाइट १.१ किंवा १.२ अशी असते. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, रफार आणि कधी कधी हे सर्व एकाच अक्षरावर येते, तर खाली उकार आणि 'द्ध', 'ट्ठ' यांसारखी एकाखाली एक रचलेली जोडाक्षरे असतात. शीर्षक दोन ओळींचे झाले, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो. शीर्षकाच्या चौकटीला ओव्हरफ्लो, म्हणजे बाहेर जाणारा भाग, लपवण्याचा नियम असेल, तर वरचा अनुस्वार चक्क कापला जातो. मी १.४ पासून सुरुवात करून फॉन्टनुसार थोडे वरखाली करतो. फॉन्ट निवडताना निव्वळ नमुना ओळ पाहू नये, आपल्या भागातली नावे लिहून पाहावीत. 'कुंकळ्ळी' लिहिले की 'ळ्ळ'चे जोडाक्षर त्या फॉन्टमध्ये आहे की नाही ते लगेच कळते, 'म्हार्दोळ' आणि 'फर्मागुडी' यांत रफाराची जागा तपासता येते, आणि 'किनाऱ्यावर' हा शब्द अर्ध्या 'र'चे मराठी वळण फॉन्टला माहीत आहे का ते सांगतो. 'ॲ' हा वर्णही अवश्य तपासावा. तो युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे त्याआधी रचलेल्या काही फॉन्टमध्ये तो नसतोच, आणि मग 'ॲड्व्होकेट' या शब्दातील पहिले अक्षर भलत्याच वळणात दिसते.

तिसरी गोष्ट ठळकपणाची. एच१ ते एच६ ही शीर्षके ब्राउझर आपणहून ठळक करतो. फॉन्ट एकाच वजनाचा असेल, उदाहरणार्थ यात्रा वन, तर ब्राउझर त्या आकारांना कृत्रिमरीत्या फुगवतो आणि 'ध', 'भ', 'क्ष' यांच्या पोटातल्या पोकळ्या भरून जातात. मुळातच जाड असलेल्या वळणाला त्याची गरजही नसते. अशा फॉन्टसाठी शीर्षकांचे वजन ४०० असे स्पष्टपणे लिहावे आणि फॉन्ट-सिंथेसिस बंद करावे. आपल्याला नाटकाच्या फलकाचा ठसा हवा आहे, तर 'एक टाइप' या फॉन्ट रचणाऱ्या संस्थेच्या बलू किंवा मुक्ता या फॉन्टची जड वजने पाहावीत. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत आणि मुक्तामध्ये सात वजने मिळतात. लेखांची शीर्षके शांत, छापील पुस्तकासारखी हवी असतील, तर टिरो देवनागरी मराठी उत्तम आहे, कारण त्यात मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' मूळचाच आहे. माझे मत विचाराल तर कार्यक्रमांच्या पानांना बलू आणि लेखांना टिरो अशी विभागणी करू नये. दोन फाइली उतरवाव्या लागतात आणि संकेतस्थळाचा चेहरा दुभंगतो. एकच निवडावा.

आणखी एक. शीर्षकातील अक्षरे एकेक करून सरकत आणणारी ॲनिमेशने टाळावीत. ती शब्दाचे वर्णनिहाय तुकडे करतात, आणि जोडाक्षरांचे कूफॉनने जे केले तेच पुन्हा होते.

डिचोलीचा मुद्रक

मी छपाईच्या व्यवसायातला आहे, म्हणून फॉन्टचा परवाना आणि जुन्या मजकुराचे रूपांतर या दोन बाबींवर लिहितो.

छपाईसाठी विकत घेतलेला फॉन्ट संकेतस्थळावर ठेवण्याची मुभा असतेच असे नाही. फॉन्ट-फेसने फॉन्ट लावणे म्हणजे ती फाइल प्रत्येक वाचकाच्या यंत्रावर पोहोचवणे होय, आणि पुष्कळ परवाने हे स्वतंत्र शुल्काशिवाय करू देत नाहीत. ज्या छापखान्याने आपल्या नाटकांचे फलक छापले, त्याच्याकडील फॉन्टच संकेतस्थळाला लावावा असे कार्यकारिणीतल्या कोणाला वाटण्याची शक्यता आहे. तसे करण्यापूर्वी परवान्याची प्रत वाचावी. एसआयएल ओपन फॉन्ट या मुक्त परवान्याखालील फॉन्ट मात्र निःशंकपणे स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतात. त्यांतही काहींना राखीव नावाची अट असते, म्हणजे फॉन्टमधली अक्षरे कमी करून बदललेली आवृत्ती तयार केली, तर ती त्याच नावाने वाटता येत नाही. फॉन्टसोबत परवान्याची मजकूर-फाइल येते, तिच्या पहिल्या काही ओळींतच हे नमूद केलेले असते.

जुन्या शीर्षकांचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना आधी मूळ फॉन्ट नेमका कोणता ते शोधावे. श्रीलिपी, कृतिदेव आणि इतर सर्वांच्या जागांची मांडणी वेगवेगळी आहे. एकाचा रूपांतरक दुसऱ्याला लावला तर अर्धा मजकूर बरोबर आल्यासारखा वाटतो आणि चुका नंतर लक्षात येतात. रूपांतर झाल्यावर मुख्यतः दोन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून पाहावे. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकला जात असे. युनिकोडमध्ये दोन्ही क्रम उलटे आहेत, म्हणून जोडाक्षरावर वेलांटी किंवा रफार आला की रूपांतरक हमखास चुकतात. 'स्थिती', 'व्यक्ती', 'वार्षिक', 'मूर्ती', 'निर्मिती' असे शब्द शोधून काढून हाताने दुरुस्त करावेत. शीर्षकांची संख्या मर्यादित असेल, तर मी म्हणेन की सर्व नव्याने टंकणेच कमी श्रमाचे आहे. लेखांच्या अंगच्या मजकुराला मात्र रूपांतरक हवाच, आणि त्यानंतर मुद्रितशोधनही हवे.

अंत्रुजकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शीर्षके नव्याने टंकण्याचे ठरले आहे आणि कार्यकारिणीने बलू पसंत केला आहे. आता तीन शंका उरतात. फाइल लहान करण्यासाठी फक्त सध्याच्या शीर्षकांत येणारी अक्षरे ठेवली तर चालेल का? चाचणीसाठी फॉन्ट चढवला, तेव्हा मुख्य पानावर तो लागतो, पण काही वाचकांना तो दिसत नाही. त्यांच्या पत्त्याच्या सुरुवातीला तीन डब्ल्यू असतात, एवढाच फरक मला आढळला. आणि आमच्याकडे काही पाने कोंकणीत आहेत, त्यांच्यासाठी वेगळे काही करावे लागेल का?

तिसवाडीकर

सध्याच्या शीर्षकांपुरतीच अक्षरे ठेवू नयेत. पुढच्या महिन्यात कोणी नवे शीर्षक लिहील आणि त्यातला एखादा वर्ण फाइलमध्ये नसेल, तर त्या वर्णाशी जोडलेला सबंध अक्षरगट पर्यायी फॉन्टमध्ये जाईल आणि एकाच शब्दात दोन वळणे दिसतील. फॉन्टटूल्स या पायथन संचातील सबसेट साधन वापरावे आणि देवनागरीचा मूळचा १२८ जागांचा संपूर्ण विभाग ठेवावा. त्याच्या जोडीला रुपयाचे चिन्ह, ठिपक्यांचे वर्तुळ आणि न दिसणारी दोन चिन्हे, म्हणजे जोडणारे व न जोडणारे शून्यरुंदी चिन्ह, हीही हवीत. ही दोन वगळली की काही जोडाक्षरे वाचकाला नको तिथे जुळतात आणि हवी तिथे जुळत नाहीत. हे साधन ठेवलेल्या वर्णांपासून तयार होणारी जोडाक्षरे आपणहून राखते, मात्र अक्षरजुळणीची वैशिष्ट्ये गाळण्याचा पर्याय निवडू नये. काही ऑनलाइन रूपांतरक मूळ निवडीतच फक्त पश्चिम युरोपीय वर्ण ठेवतात आणि देवनागरी टाकून देतात, तेव्हा त्यांच्या मांडणीकडे नीट पाहून मगच फाइल घ्यावी. बचत करायची असेल ती न लागणारी वजने आणि अन्य लिपींचे वर्ण काढून करावी. पोर्तुगीज नावे रोमन लिपीत लिहिलेली शीर्षके आपल्याकडे असतील, तर स्वरांवरील चिन्हे असलेले लॅटिन वर्ण मात्र राहू द्यावेत. देवनागरी आणि लॅटिन अशा दोन फाइली करून फॉन्ट-फेसमध्ये युनिकोड-रेंज दिली, तर ज्या पानावर ज्या लिपीची अक्षरे असतील तेवढीच फाइल उतरते.

तीन डब्ल्यूंचे निरीक्षण अगदी अचूक आहे. ब्राउझरच्या दृष्टीने तीन डब्ल्यू असलेला आणि नसलेला पत्ता ही दोन वेगळी उगमस्थाने आहेत, आणि फॉन्ट दुसऱ्या उगमस्थानावरून आणायचा असेल तर त्या सर्व्हरची स्पष्ट अनुमती लागते. चित्रांना ही अट नाही, म्हणून चित्रे दिसतात आणि फॉन्ट अडतो. सीएसएसमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता न लिहिता सापेक्ष पत्ता लिहावा, आणि सर्व वाचकांना एकाच पत्त्याकडे कायमचे वळवावे. फॉन्ट आधीच उतरवण्यासाठी प्रीलोडचा दुवा देणार असाल, तर फाइल स्वतःच्या सर्व्हरवर असली तरीही त्यात क्रॉसओरिजिन हा गुणधर्म लागतो. तो विसरला की एकच फाइल दोनदा उतरते, आणि सांग्याच्या वाचकाला ते परवडणारे नाही.

कोंकणी पानांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषेचा संकेत असतो, आणि काही फॉन्ट तो पाहून 'ल', 'श' आणि काही अंकांचे वळण बदलतात. वर्डप्रेसच्या सामान्य मांडणीत भाषा इंग्रजी राहिली असेल, तर मजकूर मराठी असूनही फॉन्ट हिंदी वळणाचे आकार देऊ शकतो. म्हणून संकेतस्थळाची भाषा मराठी करावी आणि कोंकणी मजकुराच्या गटाला कोंकणीचा 'केओके' हा संकेत वेगळा द्यावा. फॉन्टमध्ये मराठीसाठी स्थानिक आकारांची सोय असते पण कोंकणीसाठी ती असेलच असे नाही, तेव्हा दोन्ही भाषांतले एकच शीर्षक शेजारी शेजारी लावून 'ल' आणि 'श' सारखे येतात का ते पाहावे. न आले तर कोंकणी शीर्षकांपुरता सीएसएसमध्ये फॉन्ट-लँग्वेज-ओव्हरराइड हा गुणधर्म वापरून मराठी आकार मागता येतात. मात्र सर्व ब्राउझर तो मानत नाहीत, त्यामुळे आधी वाचकांच्या भ्रमणध्वनींवर तपासून घ्यावे. भाषेचा संकेत बदलून कोंकणी पानाला मराठी म्हणणे हा उपाय करू नये, कारण स्क्रीन रीडर आणि शोधयंत्रे तोच संकेत प्रमाण मानतात.